फिरता षड्ज : पाश्चात्य अभिजात संगीतातील काही संज्ञा आणि घाट

पाश्चात्य अभिजात संगीत प्रथमच ऐकणाऱ्या आपल्याकडील रसिकाची तक्रार बहुधा एकच असते. वाद्ये पुष्कळ, वाजविणारे तयारीचे, परंतु गाणे कुठे आहे ते सापडत नाही. एखादी सुरेख ओळ कानावर येते, ती मनात ठरते न ठरते तोच वादक तिला टाकून भलतीकडे निघून जातात, आणि पुढे बराच वेळ नुसता कल्लोळ चालला आहे असे वाटते. शेजारी बसलेल्या जाणकाराला यातला राग कोणता, असे विचारावे, तर तो नुसता हसतो. तक्रार खोटी नाही. मात्र तिचे कारण कानाच्या अपुरेपणात नसून कानाच्या सवयीत आहे, असे आम्हांला वाटते. आणि ही सवय तंबोऱ्याने लावलेली आहे.

आपली मैफल सुरू होण्यापूर्वी तंबोरे जुळविले जातात. षड्ज एकदा लागला की मैफल उठेपर्यंत तो जागचा हलत नाही. गवई कितीही दूर गेला तरी प्रत्येक स्वर आपण त्या षड्जापासून मोजतो. कोमल गांधाराला कोमल म्हणावयाचे ते षड्जाच्या नात्यानेच. पाश्चात्य संगीतात तंबोरा नाही. षड्ज त्यांच्याकडेही आहे, त्याला ते टॉनिक म्हणतात. पण एकाच रचनेच्या ओघात हा षड्ज आपली जागा सोडतो, दुसऱ्या स्वरावर जाऊन बसतो, तेथून तिसऱ्यावर जातो, आणि अखेरीस मूळ ठिकाणी परत येतो. या जाण्यायेण्यावरच त्यांचे मोठमोठे घाट उभे राहिलेले आहेत. स्थिर षड्जाची अपेक्षा धरून ऐकणाऱ्यास हा प्रवास म्हणजे निव्वळ बेसूरपणा किंवा गोंधळ वाटावा, यात नवल नाही.

आपल्या पेटीवाल्यांची भाषा येथे फार उपयोगी पडते. गायकाची पट्टी कोणती, असे आपण विचारतो आणि काळी एक, पांढरी पाच अशी उत्तरे मिळतात. पाश्चात्यांची 'की' म्हणजे हीच पट्टी. फरक इतकाच की आपला गायक पांढरी पाचमध्ये बसला की उठेपर्यंत पांढरी पाचमध्येच असतो, आणि त्यांची रचना पांढरी पाचमध्ये सुरू होऊन वाटेत काळी पाच, काळी तीन अशी हिंडून येते. या पट्टी बदलण्याला मॉड्युलेशन म्हणतात. एवढा एक शब्द श्रोत्याने पदरी बांधला, तर निम्मे काम झाले असे समजावे.

आता षड्ज हवा तेथे नेता यावयाचा असेल, तर पेटीसारख्या बांधीव स्वरांच्या वाद्यात सर्व पट्ट्या सारख्याच वापरण्याजोग्या असल्या पाहिजेत. एका षड्जापासून काटेकोर नैसर्गिक अंतरे धरून वाद्य लावले, तर तो षड्ज सोडताच बाकीची अंतरे चुकू लागतात. म्हणून त्यांनी सप्तकाचे बारा समान तुकडे केले. सप्तकाला 1200 सेंट धरले, तर प्रत्येक अर्ध्या स्वराला 100 सेंट येतात. तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणारा गांधार 386 सेंटांच्या आसपास असतो. समान विभागणीचा गांधार 400 वर. म्हणजे तो आपल्या कानाला किंचित चढा लागतो. प्रवासाचे भाडे म्हणून त्यांनी स्वरांचा हा खरेपणा थोडासा खर्च केला. आपण प्रवास केला नाही आणि श्रुती राखल्या. यात कोणी कोणाला हसावे असे काही नाही. मात्र पेटीवरचा आपल्याकडील जुना राग याच भाड्याविषयीचा होता. ऑल इंडिया रेडिओने 1940 साली पेटी बंद केली आणि 1971 पर्यंत ती बंदी टिकली. मोत्सार्टच्या काळी ही विभागणी आजच्याइतकी काटेकोर समान नव्हती, पण ओढ त्याच दिशेची होती.

पट्टीच्या जोडीला मेजर आणि मायनर हे दोन शब्द येतात. रागांच्या संख्येची सवय असलेल्या आपल्याला दोनच प्रकार म्हणजे दारिद्र्य वाटेल. मेजर म्हणजे ढोबळ मानाने आपला बिलावल थाट आणि मायनर म्हणजे आसावरी थाट. येथे थाट म्हटले आहे, राग म्हटलेले नाही, हे ध्यानात असावे. आरोह-अवरोह, वादी-संवादी, वेळ, यांतले काहीही त्यांत नाही. मायनरमध्ये निषाद पुष्कळदा शुद्ध केला जातो, आणि मग तो थाट किरवाणीसारखा ऐकू येतो. निषाद शुद्ध का करावा लागतो, याचे उत्तर हार्मनीत आहे.

आपल्याकडे स्वर एकापाठोपाठ एक येतात. त्यांच्याकडे एकापाठोपाठ येतात ती मेलडी, आणि एकाच वेळी एकत्र उभे राहतात ती कॉर्ड. सा, ग, प हे तीन स्वर एकदम वाजविले की षड्जाची कॉर्ड झाली. तेथे घर आहे. पंचमावर तशीच कॉर्ड उभी करावी, प, नी, रे, आणि हवा तर त्यावर मध्यम ठेवावा. घरी पेटी असेल त्याने हे चार स्वर एकदम दाबून पाहावेत. कान लगेच अस्वस्थ होतो. शुद्ध निषादाला षड्जावर चढावयाचे असते, मध्यमाला गांधारावर उतरावयाचे असते, आणि पुढची कॉर्ड षड्जाची आली म्हणजे कानाला समेवर आल्यासारखे वाटते. या येण्याला कॅडन्स म्हणतात. निषाद कोमल असला तर ही ओढ ढिली पडते, म्हणून मायनरमध्येही तो शुद्ध करून घेतात. हार्मनीचे शास्त्र मोठे आहे. श्रोत्याला त्यातली ही ओढ ओळखता आली की पुरे. नवी पट्टी आली हे कानाला पटते तेही याच ओढीमुळे, कारण नव्या षड्जाच्या पंचमाची कॉर्ड आधी वाजते आणि नवे घर दाखवून देते.

कार्यक्रमपत्रिकेवर दिसणारे बाकीचे शब्द त्या मानाने सोपे आहेत. सिंफनी म्हणजे पूर्ण वाद्यवृंदासाठी लिहिलेली मोठी रचना. तिचे बहुधा चार स्वतंत्र खंड असतात, त्यांना मूव्हमेंट म्हणतात. प्रत्येक खंडावर इटालियन भाषेत चाल लिहिलेली असते. अलेग्रो म्हणजे जलद, अन्दान्ते म्हणजे चालण्याच्या गतीचा, अदाज्यो म्हणजे विलंबित, प्रेस्तो म्हणजे अतिद्रुत. ओपस हा छापील कृतीचा क्रमांक. मोत्सार्टच्या कृतींपुढे मात्र क हे अक्षर येते, ते क्योखेल या गृहस्थाच्या नावाचे. त्याने 1862 साली मोत्सार्टच्या रचनांची कालक्रमाने यादी प्रसिद्ध केली. आणि हे सर्व कागदावर लिहिलेले असते, ही गोष्ट आपण नेहमी लक्षात ठेवली पाहिजे. तीसचाळीस माणसांनी निरनिराळे स्वर एकाच क्षणी वाजवावयाचे तर लेखनावाचून गत्यंतर नाही. गोव्यात चर्चला जोडलेल्या पाठशाळांतून मुलांना हे लेखन वाचावयास शिकवीत. तेथे तयार झालेले वादक पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीतात आले, आणि आपल्या कित्येक लोकप्रिय गाण्यांच्या मागे वाजणारी व्हायोलिने त्यांच्या हातची आहेत.

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. मोत्सार्टची चाळिसावी सिंफनी, जी मायनर, क्योखेल 550. त्याचे नाव आपल्याकडे मोझार्ट असेही लिहितात. व्हिएन्नात 1788 च्या उन्हाळ्यात त्याने तीन सिंफन्या लागोपाठ पुऱ्या केल्या : एकोणचाळिसावी 26 जूनला, चाळिसावी 25 जुलैला आणि एकेचाळिसावी 10 ऑगस्टला. तो तेव्हा बत्तीस वर्षांचा होता आणि कर्जात होता. त्यावरून चाळिसावीतील करुण रस त्याच्या कर्जातून आला, असे पुष्कळांनी लिहिले आहे. आम्हांला हे पटत नाही. त्याच कर्जात, पंधरवड्याच्या अंतराने, त्याने एकेचाळिसावी लिहिली, आणि तिच्याइतकी तेजस्वी रचना शोधून सापडणे कठीण.

जी म्हणजे पेटीवरची पांढरी पाच. तेथे षड्ज धरावा. पहिल्या खंडाच्या आरंभी व्हायोला या जरा जाड आवाजाच्या व्हायोलिनवर एक अस्वस्थ ठेका हलकेच सुरू होतो, आणि क्षणभरातच व्हायोलिने गीत उचलतात : कोमल धैवत, पंचम, पंचम, पुन्हा तेच, तिसऱ्यांदा तेच, आणि मग उडी मारून तार सप्तकातला कोमल गांधार. तेथून गांधार, ऋषभ, षड्ज असे पायरीपायरीने खाली. ही चाल आपल्यापैकी पुष्कळांच्या ओळखीची निघेल. सलील चौधरींनी 'छाया' या 1961 च्या चित्रपटात तलत महमूद आणि लता मंगेशकर यांच्या द्वंद्वगीताची सुरुवात हिच्यावरच बेतली होती. तेथे तिचे गीत झाले. मोत्सार्टच्या हाती ती प्रवासाला निघते.

या प्रवासाच्या घाटाला सोनाटा फॉर्म म्हणतात. त्याचे तीन भाग : एक्स्पोझिशन म्हणजे मांडणी, डेव्हलपमेंट म्हणजे विस्तार, आणि रिकॅपिट्युलेशन म्हणजे पुनरागमन. मांडणीत पहिले स्वरवाक्य घरच्या पट्टीत येते. मग गडबड वाढते, आवाज चढतो, सर्व वाद्ये मिळून कोणत्या तरी दाराशी येऊन थांबतात, आणि क्षणभर पूर्ण शांतता होते. या शांततेनंतर दुसरे वाक्य येते. हे मऊ आहे, अर्ध्याअर्ध्या स्वराने खाली उतरणारे, तंतुवाद्ये आणि फुंकीची वाद्ये यांनी आपसात वाटून घेतलेले. पण मुख्य गोष्ट ही की षड्ज आता हललेला आहे. तो काळी पाचवर, म्हणजे मूळच्या कोमल गांधारावर, गेला आहे.

मूर्च्छना ठाऊक असणाऱ्यांना येथे गंमत दिसेल. आसावरी थाटाचे स्वर तसेच ठेवून कोमल गांधाराला षड्ज मानले, तर बिलावल थाट निघतो. मोत्सार्टने नेमके हेच केले आहे. आपला गायक मूर्च्छनेचा आभास दाखवितो तेव्हा मागे तंबोरा मूळ षड्ज सांगत असतो, म्हणून तो आभासच राहतो. येथे तंबोरा नाही. मागचे घर बंद झाले आहे आणि श्रोता खरोखरच दुसऱ्या घरात राहावयास आला आहे. मायनरचा मेजर झाला आहे, ऊन पडले आहे. ही सर्व मांडणी, सुमारे शंभर बारांची, पुन्हा एकदा पहिल्यापासून वाजवावी अशी सूचना लिहिलेली असते. श्रोत्याने दोन्ही वाक्ये पक्की लक्षात ठेवावीत, हा तिचा हेतू. तबकडीवर वेळ वाचावा म्हणून ही आवृत्ती कधीकधी गाळीत. आम्हांला ते श्रोत्यावर अन्यायाचे वाटते.

विस्तार सुरू होताच षड्ज काळी तीनवर गेलेला आढळतो. पेटीवर पाहिले तर पांढरी पाचच्या अगदी शेजारची ही पट्टी, पण नात्याने सर्वांत दूरच्यांपैकी एक. दोन पट्ट्यांचे नाते त्यांच्यात सामाईक स्वर किती, यावर ठरते. आणि येथे दोहोंत जवळजवळ काहीच सामाईक नाही. विस्तारात नवी चाल बहुधा येत नाही. पहिल्या वाक्याचाच 'धपप' एवढा तुकडा तोडून घेतला जातो, तो वरच्या वाद्यांकडून खालच्यांकडे, खालच्यांकडून वर फेकला जातो, दर वेळी पट्टी वेगळी. आपल्या श्रोत्याला कल्लोळ वाटतो तो हाच भाग. येथे चाल शोधू नये. घर किती दूर राहिले आहे, याकडे लक्ष ठेवावे.

मग आवाज बसतो, फुंकीची वाद्ये हळूहळू खाली उतरू लागतात, आणि ती उतरत असतानाच व्हायोलिने मूळचे वाक्य मूळच्या पट्टीत पुन्हा उचलतात. हे पुनरागमन. आता नियम असा की घरी आल्यावर दुसरे वाक्यही घरच्याच पट्टीत वाजले पाहिजे. पहिल्या वेळी ते काळी पाचच्या मेजरमध्ये, उन्हात, ऐकले होते. तेच वाक्य आता पांढरी पाचच्या मायनरमध्ये येते. ओळ तीच, वळणे तीच, तरी गांधार-धैवत कोमल झाले आहेत आणि सारा रंग पालटला आहे. त्याआधीची वाटही मोत्सार्टने मुद्दाम लांबविली आहे. या क्षणासाठी ही सिंफनी ऐकावी असे आम्ही म्हणू. परंतु पहिल्या वेळी ते वाक्य कसे होते हे ज्याच्या ध्यानात नाही, त्याला येथे काहीच झाल्याचे कळत नाही. आपल्याकडे एकच बंदिशीची ओळ गायक दहा अंगांनी म्हणतो आणि आपण प्रत्येक अंगाला दाद देतो. येथे दाद द्यावयाची ती आठवणीला.

हा एक घाट समजला की पुष्कळशा नावांची भीती जाते. दोन व्हायोलिने, एक व्हायोला आणि एक चेलो यांच्यासाठी अशीच रचना केली की ती स्ट्रिंग क्वार्टेट. एकट्या पियानोसाठी, किंवा पियानो आणि दुसरे एखादे वाद्य यांच्यासाठी केली की सोनाटा. एक वादक पुढे आणि वाद्यवृंद समोर, अशी केली की कन्चेर्तो, आणि त्यात बहुधा चाराऐवजी तीनच खंड. कन्चेर्तोत एक जागा आपल्या मनाला फार जवळची आहे. पहिल्या खंडाच्या शेवटाजवळ सारा वृंद थांबतो आणि मुख्य वादक एकटाच वाजवितो. याला कडेंझा म्हणतात. मोत्सार्टच्या काळी वादकाने तेथे आपल्या उपजेने वाजवावे अशी अपेक्षा असे. बेथोव्हेनने 1809 च्या आपल्या पाचव्या पियानो कन्चेर्तोत ती जागा स्वतःच लिहून टाकली आणि येथे वेगळा कडेंझा वाजवू नये, अशी सूचना केली. उपज तेव्हापासून त्या संगीतातून हळूहळू मागे सरली. हे नुकसान झाले, असे आमचे मत आहे. फ्यूग हा घाट निराळा : एकच छोटे वाक्य एक आवाज म्हणतो, तो पुढे जात असता दुसरा तेच पंचमावरून सुरू करतो, मग तिसरा. त्याचा राजा बाख, आणि तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे.

टाळ्यांविषयी येथेच सांगून टाकू, कारण सभागृहात नवख्याची खरी पंचाईत तेथेच होते. मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्समध्ये 2006 साली सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभी राहिली, आणि असे कार्यक्रम ऐकण्याची सोय आपल्याकडेही झाली. दोन खंडांच्या मध्ये टाळ्या वाजवावयाच्या नाहीत असा तेथेही रिवाज आहे, आणि तो पाळावा. पण तो सनातन नाही. मोत्सार्टने 1778 साली पॅरिसहून वडिलांना लिहिलेल्या पत्रात, आपली सिंफनी चालू असतानाच एका जागेवर लोकांनी टाळ्या दिल्याचे मोठ्या समाधानाने कळविले आहे. ती जागा दाद घेणार हे त्याला आधीच ठाऊक होते. तेव्हा मध्येच वाहवा म्हणावेसे वाटणारा आपला श्रोता मोत्सार्टच्या श्रोत्यांपासून फारसा दूर नाही.

पुन्हा आपल्या सिंफनीकडे येऊ. दुसरा खंड अन्दान्ते, काळी दोनच्या मेजरमध्ये. शांत, पण आत कुठेतरी सल असलेला. तिसरा मिन्युएट. हा मुळात दरबारी नाच, तीन मात्रांचा. मध्यभागी ट्रिओ नावाचा हलका भाग येतो आणि मग मिन्युएट जसाच्या तसा परत येतो. मोत्सार्टने येथे तीन मात्रांच्या वजनाला असे धक्के दिले आहेत की यावर कोणी नाचू गेल्यास पाय अडखळतील. ट्रिओ मात्र पांढरी पाचच्याच मेजरमध्ये आहे. षड्ज तोच राहून नुसते गांधार, धैवत, निषाद शुद्ध झाले की केवढा फरक पडतो, ते येथे निवांतपणे ऐकावयास मिळते.

चौथा खंड जलद, आणि घाट पुन्हा सोनाटाचाच. त्याच्या विस्ताराच्या आरंभी काही बारांतच मोत्सार्टने एक धाडस केले आहे. सारा वृंद एकच ओळ मिळून वाजवितो, उड्या मारीत, थांबत, मागे कॉर्डचा आधार न ठेवता. सप्तकातल्या बारा स्वरांपैकी अकरा स्वर त्या ओळीत येऊन जातात. येत नाही तो एकच, आणि तो पांढरी पाच, म्हणजे घरचा षड्ज. ऐकणाऱ्याला हे हिशेबाने कळत नाही. त्याला फक्त पायाखालची जमीन गेल्यासारखे वाटते.

त्यानंतर घरी परतणे आहेच. वीस वर्षांनी, 22 डिसेंबर 1808 रोजी, व्हिएन्नातच बेथोव्हेनची पाचवी सिंफनी प्रथम वाजली. तीही मायनरमध्ये निघते, पण तिचा शेवटचा खंड मेजरमध्ये येतो, आणि तोपर्यंत गप्प बसविलेली ट्रॉम्बोन वाद्ये त्या क्षणासाठी पुढे येतात. मोत्सार्टने चाळिसावीत तसे केले नाही. त्याच्या या वृंदात ट्रंपेट नाहीत, नगारेही नाहीत. षड्ज पांढरी पाचवर परत येतो, गांधार कोमलच राहतो, आणि सिंफनी संपते.